तांबड्या पट्टीचं पुस्तक

देवणीच्या सार्वजनिक वाचनालयात मराठी पुस्तकं सांभाळायला ठेवलेला माणूस मराठी वाचताना अडखळायचा, हे ऐकून कुणालाही हसू येईल. हसा बापडे! पण मकबूल जिल्दसाज शाळेत गेला तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूत होती, त्याला तो काय करणार? राज्य गेलं, शाळेची भाषा बदलली, तोवर मकबूल बापाच्या हाताखाली बसून जिल्दसाजी करायला, म्हणजे कचेरीची दप्तरं बांधायला, लागला होता. मराठी तो फडाफडा बोलायचा, गल्लीत शिकलेली, शिव्यांसकट. पण वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर बोटाखाली धरून पुढं सरकायचा. मथळा वाचायचा, पुस्तकाचं नाव वाचायचा. अख्खं पान समोर आलं की मात्र घाम फुटायचा.

मग असला माणूस ग्रंथपाल झालाच कसा? दुष्काळानं केला. बहात्तर साली आधीचे ग्रंथपाल बायकापोरं घेऊन पुण्याकडं गेले ते गेलेच. वाचनालयाचे सचिव होते गुरुबसप्पा गुरुजी, शाळेचे हेडमास्तर. फाटकी पुस्तकं बांधून द्यायला मकबूलचं तिथं येणं-जाणं होतंच. गुरुजींनी किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "दुसरं कुणी घावंस्तोवर उघडझाक करत जा." दुसरं कुणी घावलं नाही. दुष्काळ सरला, पाऊस आला, मकबूल तिथंच राहिला.

गंमत अशी की त्या दुष्काळातच वाचायला माणसं यायला लागली. शेतात काम नाही, बाजारात माल नाही. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी डोकं रिकामं. वाचनालयाला निदान सावली होती. माणसं कपाटापुढं उभी राहायची आणि म्हणायची, "वाचायला कायतरी द्या, मकबूलभाई." आता कायतरी म्हणजे काय? मकबूल हाताला लागेल ते काढून द्यायचा. एका म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्याला त्यानं गरोदर बायकांनी काय खावं ह्याचं पुस्तक दिलं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "ह्ये मला आता उपयोगाचं न्हाई." अख्खी देवणी हसली. मकबूलही हसला, पण घरी जाऊन जेवला नाही. आपल्याला वाचता येत नाही हे आता सगळ्या गावाला कळणार, ही भीती त्याला बसली होती.

हे गुपित गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो म्हणजे नागप्पा. दोघं उर्दू शाळेत एकाच चटईवर बसलेले. नागप्पाच्या बापानं मात्र पोराला घरी मराठी घटवून घेतली होती. पुढं नागप्पानं गुरांच्या सामानाचं दुकान टाकलं: दावी, कासरे, मोरक्या, घुंगरमाळा. देवणीत गाय-बैलाला पोरासारखं सजवतात, तेव्हा दुकान बरं चालायचं. दुकान बंद करून नागप्पा रोज वाचनालयात यायचा आणि मकबूलला पेपर वाचून दाखवायचा.

असंच एकदा नांदेडहून येणाऱ्या पेपरात सरकारी वाङ्मय पुरस्कारांची यादी आली. नागप्पानं ती मोठ्यानं वाचली. कादंबरी, कविता, नाटक, कुणाकुणाला काय मिळालं ते.

"मंजे ह्ये पुस्तकं चांगले हायेत असं सरकार म्हणून राहिलंय?" मकबूलनं विचारलं.

"सरकार न्हाई रे. शिकलेले माणसं बसवतेत. ते वाचतेत, मंग ठरवतेत."

"समदे वाचतेत?"

"वाचत असतील की. न्हाईतर बसवतील कशाला?"

"अरे यार, मंग मला वाचायचं काय काम!" मकबूल म्हणाला आणि उठून उभाच राहिला.

दोघांनी मिळून ती यादी कपाटाशी लावून बघितली. नागप्पा नाव वाचायचा, मकबूल अक्षरं जुळवत पुस्तक हुडकायचा. चोपड्या बांधायचं तांबडं कापड मकबूलकडं होतंच. त्याची बोटभर रुंद पट्टी कापून त्यानं प्रत्येक बक्षिसाच्या पुस्तकाच्या पाठीवर खळीनं चिकटवली. नागप्पानंही चार-दोन चिकटवल्या, त्याही वाकड्या. यादी कात्रीनं कापून दाराशेजारच्या फळ्यावर लावली. मागच्या सालांच्या याद्या गुरुजींच्या रद्दीत सापडल्या, त्याही लावल्या.

आणि काय सांगावं, वाचनालयाला जणू पाय फुटले! ज्याला काय न्यावं कळत नव्हतं त्याला आता कळायला लागलं. तांबडी पट्टी दिसली की हात घालायचा. बालवाडीच्या उमादेवीबाई आधी नुसती मासिकं चाळून जायच्या. त्यांनी पट्टीची एक जाडजूड कादंबरी नेली आणि सुजलेल्या डोळ्यांनी परत आणून दिली. "कशी व्हती बाई?" मकबूलनं विचारलं. "लई रडवलं हो मेलीनं. दुसरी द्या." पुढच्या माणसाला मकबूल सांगायचा, "ह्ये न्या. रडवतंय." कुणी म्हणालं शेवट गोड आहे, की तो पुढच्याला सांगायचा, शेवट गोड आहे. लोकांचंच लोकांना द्यायचा. पण असा ठामपणे सांगायचा की, मकबूलभाईनं सगळं कपाट वाचून काढलंय अशी ख्याती झाली. त्यानं ती खोडून काढली नाही. कोण खोडेल?

वर्षाला अनुदान आलं की तो नांदेडला खरेदीला जायचा. तिथला दुकानदार न खपणारे गठ्ठे गळ्यात मारायला बघायचा. मकबूल खिशातून यादीचं कात्रण काढून काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्यातले काढा." दुकानदार चडफडायचा. पण मकबूल हटायचा नाही.

पट्टीच्या बाबतीत तो फार करडा होता. एकदा एका बड्या पुढाऱ्यानं आपल्या कवितांचं पुस्तक पाठवलं आणि निरोप दिला की ह्यालाही पट्टी लावा. गुरुबसप्पा गुरुजी म्हणाले, "लावून टाक बाबा, कशाला वैर?" मकबूलनं ऐकलं नाही. "यादीत नाव दाखवा, मी दोन पट्ट्या लावतो." पुढारी चिडला, वाचनालयाची देणगी बंद झाली, पण मकबूलचं नाव गावोगाव झालं. मकबूलची पट्टी म्हणजे पट्टी! लोक त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायला लागले, आणि पुढं सगळं बिघडलं ते ह्याच विश्वासानं.

ह्या पट्टीचं एक वाईट झालं, ते आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पट्टी नसलेलं पुस्तक कुणी हातात धरेना. "पट्टीचं द्या," एवढंच लोक म्हणायचे. बाकीची कपाटं सावत्र पोरांसारखी कोपऱ्यात बसली.

आणि नेमकं त्याच वेळी नागप्पानं पुस्तक लिहिलं.

कधी लिहिलं कुणास ठाऊक! दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहायचा म्हणे. दुष्काळात गावातली गुरं कशी दावणीवरून सुटली, कुणी छावणीत नेली, कुणी कसायाला न देता डोंगरात सोडून दिली, दावी विकणाऱ्या दुकानदाराकडं लोक जुनी दावी परत घेऊन कसे आले, असं सगळं त्यात होतं. नांदेडच्या एका छापखान्यात त्यानं ते छापून घेतलं. पहिली प्रत वाचनालयाला दिली. मकबूलनं ती उसवून पुन्हा शिवली, जाड पुठ्ठ्यात बांधली, पाठीवर नाव टाकलं. हजार माणसांनी हाताळली तरी टिकेल अशी बांधणी केली. पण हाताळणार कोण? एकानंही नेलं नाही.

नागप्पा रोज यायचा. पेपर वाचून दाखवायचा. मग सहज चाललोय असं दाखवत कपाटाजवळ जायचा, आपलं पुस्तक काढायचा आणि मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायचा. कोरी. पुस्तक जागेवर ठेवून हसत म्हणायचा, "आज बी मुक्काम हितंच हाय." महिने गेले, वर्ष गेलं. हसणं तेच राहिलं, पण चिठ्ठी बघताना त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची ती मकबूलला दिसायची. ह्या माणसाला ना पैसा पाहिजे होता, ना हारतुरा. आपलं लिहिलेलं कुणीतरी घरी न्यावं आणि वाचावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि तेवढंच मिळत नव्हतं.

शेवटी मकबूलला बघवेना. एका दुपारी वाचनालयात कुणी नसताना त्यानं तांबडी पट्टी कापली, खळ लावली आणि नागप्पाच्या पुस्तकाच्या पाठीवर चिकटवली. पुढाऱ्याला नाही म्हणणारा मकबूल मित्रापुढं हरला. काय म्हणावं ह्याला! पाप म्हणा, वेडेपणा म्हणा. पट्टी मात्र अगदी सरळ बसली.

दुसऱ्याच दिवशी पुस्तक गेलं. परत आलं तसं लगेच दुसऱ्यानं नेलं. मग ते कपाटात टिकेचना. त्यामुळं नागप्पाला पट्टी कधी दिसलीच नाही. त्याला दिसायची ती रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेकडं बघून तो लहान पोरासारखा खुलायचा. रस्त्यात लोक थांबवून पुस्तकाचं बोलायला लागले; बक्षिसाचं त्याला ठाऊकच असणार म्हणून पट्टीचं कुणी काढलं नाही. उमादेवीबाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "नागप्पाकाका, ती गाय विकायचं लिहिलंत न्हवं, मी चूल तशीच सोडून वाचत बसले." नागप्पा घरी जाऊन बायकोला, शिवम्माला, ते सांगायचा. शिवम्माला वाचता येत नव्हतं. पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता, आणि तिला तेवढं पुरे होतं.

असं वर्षभर चाललं. मग आला नवा जिल्हा.

लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादचे हेलपाटे संपले. गावोगाव गुलाल उधळला गेला. लोक म्हणाले, आता आपल्या घरचा जिल्हा. लातूरला एक गौरव समिती उभी राहिली. नव्या जिल्ह्यातले पैलवान, कीर्तनकार, चांगले शेतकरी, लेखक, सगळ्यांचा एका मंचावर सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. समितीचा माणूस देवणीला आला तो मकबूल नेमका उदगीरला गेला होता त्या दिवशी. वाचनालयात बसलेल्या लोकांनीच त्याला अभिमानानं सांगितलं, "लेखक? हाय की! आमच्या नागप्पाचं पुस्तक पट्टीचं हाय. सरकारी बक्षिसाचं." माणसानं लिहून घेतलं आणि गेला.

थोड्या दिवसांनी छापील निमंत्रण आलं. शासनाचा वाङ्मय पुरस्कार मिळवणारे देवणीचे लेखक म्हणून नागप्पाचं नाव होतं. नागप्पा ते हातात धरून चपला न घालता वाचनालयाकडं पळत आला.

"मकबूल! मला बक्षीस मिळालं व्हतं! लोकं म्हणून राहिलेत की तू पट्टी लावलास. मला सांगितलं का न्हाईस रे? टपालात गहाळ झालं असंल पत्र. हाव ना?"

आता बघा, हा माणूस पेपर वाचणारा, यादी ह्यानंच मकबूलला शिकवलेली. पण मकबूलनं पट्टी लावलीय म्हटल्यावर त्यालाही शंका आली नाही. मकबूल नुसता हसला, आणि ते हसणं नागप्पानं होकार समजून घेतलं.

मग काय विचारता! शिवम्मानं गल्लीत साखर वाटली. नागप्पासाठी नवा फेटा आणला. शाळेनं कमान उभारायचं ठरवलं. महिलामंडळाच्या महादेवीबाईंनी ओवाळायची तयारी केली. इकडं मकबूलला अन्न गोड लागेना. त्याची बायको रजिया म्हणाली, "जाऊन सांगा त्यान्ला. आजच सांगा." रोज सकाळी तो निघायचा आणि दुकानाच्या वळणावरून मागं फिरायचा. सत्कार अगदी तोंडावर आला तेव्हा कुठं त्यानं छाती घट्ट केली.

नागप्पा गिऱ्हाइकाला मोरकी दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत मकबूल पोत्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "नागप्पा, तुला बक्षीस न्हाई मिळालं. यादीत तुझं नाव न्हाई. कवाच नव्हतं. पट्टी मी अशीच लावली."

नागप्पानं हातातल्या मोरकीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "का लावलास?"

"कुणी नेत नव्हतं. तू रोज चिठ्ठी बघायचास. मला बघवंना, यार."

नागप्पानं मोरकी खुंटीला अडकवली. बक्षीस गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं, जास्त खोल. "मंजे लोकं वाचले ते पट्टीला वाचले," तो म्हणाला. "मला न्हाई."

"तसं न्हाई रे. लोकं रडले..."

"तू वाचलास का?"

मकबूल पोत्याचा दोरा उसवायला लागला.

"शिवलास, बांधलास, पट्टी लावलास. मी तुला दहा वर्सं पेपर वाचून दाखवून राहिलो. माझं पुस्तक तू तरी वाचलास का रे?"

"दोन पानं," मकबूल म्हणाला. "पुढं जमंना."

नागप्पानं मान हलवली आणि उठून आतल्या खोलीत गेला. मकबूल रडत वाचनालयाकडं परत आला.

इकडं गुरुबसप्पा गुरुजी भाषणाची तयारी करत होते. कोणत्या साली बक्षीस मिळालं ते सांगायचं म्हणून त्यांनी फळ्यावरच्या आणि फायलीतल्या सगळ्या याद्या उलट्यापालट्या केल्या. नागप्पाचं नाव कुठंच नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या वाचकांसमोर पुस्तक टेबलावर आपटलं आणि विचारलं, "ही पट्टी कुणी लावली?"

मकबूल उभा राहिला. त्याचे ओठ हलले. पण त्याच्या डोळ्यांपुढं किल्ल्या दिसल्या, घर दिसलं, लग्नाला आलेली लेक शकिला दिसली. तेवढ्या क्षणभरात दारातून आवाज आला.

"मी लावली, गुरुजी."

नागप्पा आत आला. "आपलं पुस्तक कुणी नेईना, म्हणून मोह झाला. मकबूलला ठाव नव्हतं. तो नसताना लावली. पट्ट्या चिकटवायला मी पयल्यापासून हातभार लावत व्हतोच, कापड कुठं असतंय ते मला म्हाईत हाय. चुकी झाली. लातूरला मी आजच कळवतो."

मग कुणीतरी "शी!" म्हणालं. उमादेवीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. पट्टी होती म्हणून मी चांगलं म्हणाले हो." नागप्पा ते ऐकून वळला आणि निघून गेला. मकबूल टेबलाला धरून उभा होता. त्यानं तोंड उघडायला पाहिजे होतं. उघडलं नाही.

बाहेर रस्त्यात त्यानं नागप्पाला गाठलं. "असं का केलास? मी आत्ता जाऊन सांगतो."

"खबरदार!" नागप्पा कधी नाही तो ओरडला. "तुझी पट्टी खोटी ठरली तर ह्या लोकान्ला पुस्तक कोण हुडकून देणार? माझं एक पुस्तक गेलं. तू समदं कपाट घालवशील. आन् शकिलाचं लगीन हाय. गप बस."

मकबूल गप बसला. हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप, आणि ते त्यानं मित्राच्या सांगण्यावरून केलं.

गाव तर गावच असतं. बाजाराच्या दिवशी कासरा घ्यायला आलेला माणूस डोळा मारून म्हणायचा, "नागप्पाशेठ, ह्याला बी एक पट्टी लावून द्या, किंमत वाढंल." नागप्पा कासरा मोजून द्यायचा. वाचनालयात त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही. घरात शिवम्मानं त्याला एकदाच विचारलं, "खरंच तुम्ही लावलात?" तो हो म्हणाला. नवा फेटा तिनं पेटीत तळाला घातला आणि त्यावर परत बोलली नाही. तिला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण शिवम्माच्या पोटात गोष्ट राहायची नाही हे नागप्पाला ठाऊक होतं.

मकबूलनं एक मात्र केलं. पट्टी काढून टाकली, पुस्तक बगलेत मारलं आणि दुपारच्या वेळी नागप्पाच्या दुकानात जाऊन पोत्यावर बसायला लागला. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचायचा. नागप्पा घुंगरं ओवत ऐकायचा, चुकलं की सांगायचा. कधी एका दुपारी एक पान व्हायचं, कधी तेवढंही नाही. असं करत करत, किती दिवस लागले कुणास ठाऊक, मकबूलनं शेवटचं पान वाचलं. जन्मात पुरं वाचलेलं त्याचं ते पहिलं मराठी पुस्तक.

"कसं हाय?" नागप्पानं विचारलं. इतकी वर्षं लोकांचं मत लोकांना देणाऱ्या मकबूलकडं आज उसनं मत नव्हतं.

"मला बक्षिसाचं काय कळतंय," तो म्हणाला. "पण गाय इकायची ती सकाळ वाचताना माझ्या हातात तिचं दावं असल्यावानी वाटलं. सोडवंना."

"बास," नागप्पा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "एक तरी गिऱ्हाईक पट्टीबिगर मिळालं."

पुढच्या दुष्काळात नागप्पा गेला. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. त्यांच्या समाजात पुरतात, त्या रीतीनं त्याला माती दिली. मकबूलनं खांदा दिला. तोवर शकिलाचं लग्न होऊन ती नांदेडला नांदत होती, मकबूलच्या नोकरीचेही थोडेच दिवस उरले होते. आता भ्यायचं कशाला, आणि कुणाला? वाचनालयात शोकसभा होती. गुरुजी बोलले, माणसं त्याला भला म्हणाली, पण मधूनच एकमेकांकडं बघून घेत होती. ते बघून मकबूल उठला.

"ती पट्टी नागप्पानं लावली न्हाई," तो म्हणाला. "मी लावली. माझ्या हातानं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यानं अंगावर घेतलं. तुम्ही एका भल्या माणसाला चोर म्हणून राहिलेत."

मकबूलला वाटलं, आता शिव्या येतील. येऊ देत. त्यासाठीच तो उभा होता.

गुरुबसप्पा गुरुजी हळूच उठले, जवळ आले आणि त्यांनी मकबूलच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा," ते लोकांना म्हणाले, "ह्याला म्हणतात दोस्ती. गेलेल्या मित्राचा डाग आपल्या अंगावर घ्यायला निघालाय."

"न्हाई हो गुरुजी! खरं सांगून राहिलो!"

"मकबूलभाई, पुढाऱ्याला न वाकणारा माणूस तुम्ही. तुम्ही खोटी पट्टी लावाल? आन् आम्हाला सांगताय!" उमादेवीबाई डोळे पुसत म्हणाल्या. महादेवीबाईंनी हात जोडले. तो जितका ओरडून सांगायचा तितकी लोकांची मान आदरानं हलायची. शेवटी कुणीतरी त्याला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं.

बाकी गावाचं जाऊ द्या, मकबूलनं ठरवलं, निदान एका माणसाला तरी खरं कळलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो शिवम्माकडं गेला. ती उंबऱ्याशी बसली होती. तिनं त्याला बसायला घोंगडं टाकलं, आत जाऊन चहा करून आणला. मकबूलनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोरी चिठ्ठी, दुपार, खळ, कापलेली पट्टी. काही लपवलं नाही. आपल्याला वाचता येत नव्हतं हेसुद्धा सांगितलं. शिवम्मा मान खाली घालून ऐकत राहिली.

"भाभी, तुमच्या मालकानं खोटं केलं न्हाई," तो म्हणाला. "गुन्हेगार मी हाय."

शिवम्मानं डोळ्याला पदर लावला. "मकबूलभाऊ, काल सभेतलं कळलं मला. किती सांभाळता हो त्यान्ला, मेल्यावर बी."

"सांभाळत न्हाई, भाभी! अल्लाची कसम..."

त्यानं हात वर केला तसा तिनं घाईनं तो धरून खाली ओढला. उभ्या आयुष्यात तिनं कधी परक्या पुरुषाला हात लावला नसेल.

"नका. माझ्यापायी देवाची खोटी शपथ घिऊ नका. मी त्यान्ला कवाच माफ केलंय. माणूसच हुते, मोह झाला. मला त्यांनी तोंडानं कबूल केलं हुतं, मी कशाला धरून बसू?"

मकबूलनं तिच्याकडं बघितलं.

"च्या निवतोय," शिवम्मा म्हणाली. "घ्या."

त्यानं कप उचलला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.